मदतनीस

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मला माकडांवर बोलायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "चालेल की. पी.टी.चे सर आपल्या वर्गाला याच नावाने हाक मारायचे."

सर समोरच बसलेत. सर, तुम्ही म्हणायचात ती माकडं वेगळी. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ती आपल्या शेकरूपेक्षाही लहान असतात. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. राहतात ब्राझीलमध्ये, रिओ दी जानेरोच्या आसपास समुद्रकाठी जी जंगलं आहेत, तिथे. रंग पिकल्या हापूससारखा, चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ. नाव गोल्डन लायन टॅमरिन. ब्राझीलच्या वीस रुपयांच्या, म्हणजे तिकडच्या वीस रेआइसच्या नोटेवर त्याचं चित्र आहे.

आता सातारा जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या, आयुष्यभर डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईचा या प्राण्याशी काय संबंध? ते सांगायचं तर मला आधी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझी आई पहिल्या रांगेत आहे. तिलाही ती आजच कळणार आहे.

माझी मुलगी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. आम्ही तेव्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ राहत होतो. आई बाळंतपणाला आली होती. तिने शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, सगळं केलं. फेब्रुवारीत बाबांची तब्येत बिघडली आणि ती परत आली. नवरा सकाळी सातला घराबाहेर पडायचा. तीन महिन्यांची मुलगी, मी, आणि बाहेर बर्फ.

मी एकुलती एक. घरात लहान मूल कधी नव्हतंच. शेजारी कुणाचं बाळ रडलं की आई म्हणायची, "तू अभ्यास कर, तिकडे लक्ष देऊ नकोस." मी तसंच केलं. बोर्डात चांगले मार्क पडले, इंजिनिअर झाले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा तान्हं मूल हातात घेतलं आणि ते माझंच होतं.

मार्चमधल्या एका रात्री ती तीन तास रडत होती. मी तिला पाळण्यात ठेवलं, बाथरूममध्ये गेले, आतून कडी लावली आणि रडणं ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला. किती वेळ तिथे बसले ते आठवत नाही. शेवटी नवऱ्याने उठून तिला घेतलं. त्या वेळी माझ्या मनात काय काय येत होतं ते इथे सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. या दुखण्याला नाव असतं, औषध असतं, आणि पुष्कळ बायकांना ते होतं हे तिथे कळलं. मी औषधाने बरी झाले. माकडांनी बरी केली नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलताच उपाय फिरायला लागेल.

डॉक्टरांनी एक सांगितलं होतं, रोज घराबाहेर पडा. वॉशिंग्टनचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय चकटफू आहे आणि मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे लहान सस्तन प्राण्यांची एक इमारत आहे. आत उबदार असतं. बाबागाडी ढकलत मी तिथे जायला लागले. खरं कारण हीटर होतं.

एका काचेपलीकडे हे टॅमरिन होते. एकाच्या पाठीवर दोन पिल्लं, आयाळीत तोंड खुपसून घट्ट धरलेली. मी पाहत उभी राहिले. मनात म्हटलं, बघ, एवढीशी आई, पण दोन-दोन घेऊन कशी उड्या मारतेय! शेजारी संग्रहालयाचे एक वयस्कर स्वयंसेवक उभे होते. मी बोलले तसे ते हसून म्हणाले, "तो बाप आहे. आई ती, तिकडे खातेय."

मग त्यांनी आणखी दोन माकडं दाखवली. ती दोघं मोठी भावंडं. थोड्या वेळाने त्यातल्या एकाने बापाच्या पाठीवरचं एक पिल्लू स्वतःच्या पाठीवर घेतलं. पिल्लाने कुरकुर केली, त्याला ते नीट पेलेना, मग बापाने परत घेतलं. स्वयंसेवक म्हणाले, "शिकतोय तो. म्हणून तर त्याला अजून इथे ठेवलाय. हे शिकल्याशिवाय त्याला स्वतःची पिल्लं वाढवता येणार नाहीत."

मी त्या परक्या माणसासमोर रडायला लागले. ते बिचारे घाबरले. त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

त्यानंतर मी या प्राण्यांबद्दल मिळेल ते वाचत गेले. आता जरा ती हकीकत.

१९६० च्या दशकात हे माकड जवळजवळ संपत आलं होतं. जंगल तोडून शेतं, कुरणं आणि शहरं झाली होती. शिवाय दिसायला देखणं, म्हणून पाळायला आणि प्राणिसंग्रहालयांना विकायला ते पकडलं जायचं. अदेलमार कॉइम्ब्रा-फिल्यो या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने याबद्दल सगळ्यात आधी ओरड केली. १९७० च्या सुमारास रानात उरलेल्यांचा अंदाज दोनशेच्या आसपास होता. १९७२ साली वॉशिंग्टनला एक परिषद भरली. विषय एकच, हे माकड वाचवायचं कसं. १९७४ साली ब्राझीलने त्यांच्यासाठी पोसो दास आन्तास नावाचं अभयारण्य राखून ठेवलं.

पण दुसरी अडचण पिंजऱ्यात होती. प्राणिसंग्रहालयांतही हे टॅमरिन टिकत नव्हते. जन्मापेक्षा मृत्यू जास्त. खायला भरपूर, शिकारी प्राण्यांची भीती नाही, डॉक्टर हाताशी, तरी पिल्लं जगत नव्हती. का?

याचा छडा लावणाऱ्यांत डेव्हरा क्लायमन ही बाई पुढे होती. वॉशिंग्टनच्या त्याच प्राणिसंग्रहालयात ती संशोधक होती. तिचं काम मला फार आवडतं, कारण आमच्या धंद्यात ज्याला बग शोधणं म्हणतात ते तिने केलं. यंत्र चालत नसेल तर यंत्राला दोष देऊ नये, आपण त्याच्याबद्दल काय गृहीत धरलंय ते तपासावं.

पहिलं गृहीत होतं कुटुंबाबद्दल. पुष्कळ जातींच्या माकडांमध्ये बऱ्याच माद्या एकत्र नांदतात, म्हणून इथेही नांदतील असं वाटायचं. या टॅमरिनमध्ये दोन वयात आलेल्या माद्या एका पिंजऱ्यात कोंडल्या तर जिवावर बेतेपर्यंत मारामारी होते. घरात पिल्लं होणार ती साधारणपणे एकाच मादीला. म्हणजे एक जोडपं आणि त्यांची पोरं, एवढंच कुटुंब ठेवायला हवं.

दुसरं गृहीत आहाराबद्दल. हे दिसायला फळं खाणारं माकड, पण त्याला किडे, अंडी असं प्रथिनांचं खाणंही लागतं. शिवाय ड जीवनसत्त्व. अमेरिका खंडातल्या या छोट्या माकडांना ड जीवनसत्त्वाचा डी-३ हाच प्रकार लागतो आणि तोही भरपूर. डी-२ त्यांच्या अंगी फारसा लागत नाही. बंद इमारतीत ऊन मिळत नाही, त्यामुळे हाडं मऊ पडायची. हे दोन्ही दुरुस्त करता आलं.

तिसरं गृहीत सगळ्यात खोल होतं, की पिल्लू सांभाळणं आईला आपोआप येतं.

जरा हिशेब ऐका. या टॅमरिनला बहुधा जुळी होतात. सव्वाचार महिन्यांचं गरोदरपण. जन्मलेल्या दोन पिल्लांचं मिळून वजन आईच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. पन्नास किलोच्या बाईला दहा किलोचं बाळंतपण झालं असं समजा. त्यातून, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आई पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे अंगावर दूध पिणारी दोन आणि पोटात पुढची दोन. एकटीच्या अंगावर हे पेलणारच नाही. पहिला एखादा आठवडा पिल्लं जास्त करून आईकडे असतात. मग बाप घेऊ लागतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक वेळ पिल्लं बापाच्या आणि मोठ्या भावंडांच्या पाठीवर, आणि आईकडे फक्त दूध प्यायला. पुढे पिल्लं खायला लागली की मोठी भावंडं तोंडातला किडा त्यांच्यासाठी काढून देतात, आणि आवाज करून "ये, घे" म्हणून बोलावतात.

माणसाला यात काय दिसलं? संख्या वाढवायची घाई होती. घाईत असलेल्या माणसाला वाटतं, पोर मोठं झालं, काढा त्याला वेगळं आणि द्या जोडीदार. ते पोर पुढचं बाळंतपण न बघताच घराबाहेर पडायचं. मग त्याला पिल्लं झाली की ते गोंधळायचं. पिल्लू अंगावर चढलं की झटकून टाकायचं, घासून काढायचं, चावायचं. पिल्लं मरायची. पिल्लू वाचवायला म्हणून माणसाने ते बाटलीवर वाढवलं, तर ते आणखीनच अडाणी राहायचं, कारण त्याने कुटुंब पाहिलेलंच नसायचं. म्हणजे आजची मदत उद्याचं नुकसान करत होती.

उपाय साधा निघाला. पोराला घाईने काढू नका. आईच्या पुढच्या एकदोन बाळंतपणांपर्यंत घरात राहू द्या. धाकटी भावंडं पाठीवर वागवू द्या. पाडू दे, परत घेऊ दे, शिकू दे. मग त्याचा संसार थाटून द्या. टॅमरिनच्याच दुसऱ्या एका जातीत, पांढऱ्या शेंडीच्या कॉटन-टॉप टॅमरिनमध्येही हेच आढळलं. भावंडं सांभाळलेली नसली तर पहिली पिल्लं बहुधा हातची जायची. त्यांचे नातलग म्हणजे मार्मोसेट, त्यांच्यात मात्र हा फरक तितका मोठा दिसला नाही. हेही सांगायला हवं, कारण निसर्ग आपल्या भाषणाच्या सोयीने वागत नाही.

हे सगळं जुळल्यावर पिंजऱ्यातली संख्या वाढू लागली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलबाहेर शंभराच्याही आत असलेले हे प्राणी पुढे पाचशेच्या घरात गेले. शेवटी तर गर्भनिरोधक वापरून संख्या आवरायची वेळ आली.

इथे माझ्या धंद्याचा थोडा संबंध येतो. थोडक्या प्राण्यांपासून प्रजा वाढवायची तर नात्यातली लग्नं टाळावी लागतात. त्यासाठी प्रत्येक प्राण्याची वंशावळ ठेवतात. कुणाचा बाप कोण, आई कोण, जन्म कधी, मृत्यू कधी. मग संगणक काढतो की अमक्या प्राण्याचं बाकीच्या सगळ्यांशी सरासरी नातं किती जवळचं आहे. ज्याचे नातलग कमी, त्याला जोडीदार आधी. आपल्याकडे पत्रिका जुळवणारे गुरुजी काही वेगळं करत नाहीत, फक्त यांचा हिशेब पडताळता येतो. गुरुजनांपैकी जे पत्रिका बघतात त्यांनी रागावू नये.

या वंशावळीच्या वहीतली एक रीत मात्र मला फार महत्त्वाची वाटते. जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाला क्रमांक मिळतो. एकच दिवस जगलं तरी त्याची नोंद होते. कारण जे टिकले नाहीत त्यांची नोंद ठेवली नाही, तर ते का टिकले नाहीत हे कधीच कळणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

१९८४ साली पिंजऱ्यात जन्मलेल्या टॅमरिनची पहिली तुकडी ब्राझीलच्या जंगलात सोडली. त्यातले बहुतेक मेले. त्यांना हलणाऱ्या फांदीवरून कसं जायचं ते येत नव्हतं, कारण पिंजऱ्यातली फांदी खिळ्यांनी ठोकलेली असते. अन्न शोधावं लागतं हे माहीत नव्हतं. संशोधकांनी पद्धत बदलली. काही कुटुंबांना आधी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातच झाडांवर मोकळं सोडून सवय लावली. जंगलात सोडल्यावरही बरेच दिवस अन्न दिलं, मागे मागे राहिले. १९८४ ते २००० या काळात एकशे सेहेचाळीस प्राणी सोडले गेले. त्यांच्यातली जी तगली त्यांना जंगलात पिल्लं झाली, आणि ती पिल्लं आईबापांपेक्षा कितीतरी चांगली निभावली. मोठ्यांना जे शिकवून आलं नाही ते पोरांना तिथे वाढल्यामुळे आलं.

आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले हे टॅमरिन ब्राझीलच्याच मालकीचे मानले जातात, बाकीच्यांकडे ते फक्त सांभाळायला आहेत. रानातली संख्या २०१४ साली सुमारे ३,७०० होती. मग पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे २,५०० पर्यंत खाली आली. त्यांनी माकडांना लस टोचली. २०२३ च्या गणनेत ती सुमारे ४,८०० भरली. लढाई संपलेली नाही, जंगल अजून तुकड्या-तुकड्यांत आहे. पण दोनशेवरून इथपर्यंत आले.

आता मूळ मुद्द्यावर येते. तो माकडांचा नाही, आपल्या सहावी 'ब'चा आहे.

आठवतंय का पाहा. सहावीपर्यंत आपल्याला बाक नव्हते, बसकरपट्ट्या होत्या. दाराजवळच्या पट्टीवर एक मुलगी बसायची. तिचं नाव मी घेत नाही, तिनेच नको म्हटलंय. तिची आई रोजगाराला जायची, म्हणून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. वर्षाचा असेल. तो खडू खायचा, पाटीवर शू करायचा, नेमका गणिताच्या तासाला भोकाड पसरायचा. मग ती त्याला घेऊन व्हरांड्यात जायची आणि दाराच्या चौकटीला टेकून, त्याला डोलवत, फळ्याकडे बघत उभी राहायची.

मराठीच्या बाईंनी एकदा त्याला तिच्याकडून घेतलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि एका हातात पुस्तक धरून अख्खी कविता शिकवली. तो झोपून गेला. बाई, तुमच्या साडीवर लाळ गळली होती. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतंय.

आपण तिला 'आया' म्हणायचो. हे नाव कुणी ठेवलं ते मी आज सांगते. मी ठेवलं. पहिला नंबर यायचा माझा, माझ्या विनोदाला सगळे हसायचे. ती कुणाशी भांडली नाही. सातवीची परीक्षा झाली आणि ती शाळेत आली नाही. आपण एकानेही विचारलं नाही की ती कुठे गेली.

वॉशिंग्टनला त्या काचेसमोर मला ती आठवली. अठरा वर्षांनी. मला जे एकोणतिसाव्या वर्षी येत नव्हतं ते तिला अकराव्या वर्षी येत होतं. रडणाऱ्या मुलाला कुठे धरायचं, केव्हा घट्ट धरायचं, केव्हा सोडून द्यायचं, आणि आपण स्वतः रडू न येता ते कसं करायचं. मी समोर बसून ते रोज पाहत होते आणि हसत होते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलींनी लहानपणीच भावंडं सांभाळावीत असं तुझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. माकडांवरून माणसांना धडे देऊ नयेत. त्याच टॅमरिनच्या घरात सत्ता एका मादीची असते आणि तिच्या राज्यात बाकीच्या माद्यांना सहसा पिल्लं होत नाहीत. तोही धडा घ्यायचा का? आणि पाठीवर पिल्लं वागवणं फुकट पडत नाही. कॉटन-टॉप टॅमरिनची वजनं घेतली तेव्हा दिसलं की पिल्लं वागवणारे मदतनीस त्या दिवसांत वाळतात. त्यांना धड खाता येत नाही, उड्या मारता येत नाहीत. विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २००६ साली असंही आढळलं की जोडीदारीण गरोदर असताना टॅमरिन आणि मार्मोसेटच्या बापांचं वजन वाढतं. बहुधा पुढच्या हमालीची तयारी. आपल्या वर्गातल्या पुरुषांची वजनंही वाढलेली दिसतायत, पण कारण तेच असावं असं वाटत नाही.

तर किंमत पडते. फरक एवढाच की त्यांच्यात ती वाटली जाते. बाप, आई, मोठा भाऊ, मोठी बहीण, सगळ्यांच्या पाठीवर पाळीपाळीने. आमच्या वर्गात ती सगळी किंमत एकाच मुलीने भरली. तिची सातवी झाली आणि शाळा सुटली. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. त्यामुळे मी शिकले, आणि एक गोष्ट न शिकता राहिले. दोन्ही टोकं चुकीची होती, पण तिचं नुकसान मोठं होतं. माझ्यावर इलाज होता.

गेल्या दिवाळीत गावी आले तेव्हा तिचा शोध घेतला. स्टँडमागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, ते तिच्या भावाचं. हो, तोच, खडू खाणारा. त्याने नंबर दिला. मी फोन केला, नाव सांगितलं. ती लगेच म्हणाली, "अगं, तू व्हय! पहिल्या नंबरची!" मी माफी मागितली. 'आया' म्हणायचो त्याची. ती म्हणाली, "काय बाई, आठवत बसलीस! पोरं काहीही म्हणत्यात." मग तिने विचारलं, मुलगी कितवीला आहे, बाळंतपणाला कोण होतं. मी सगळं सांगितलं. त्या मार्चच्या रात्रीचंही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कळवायचंस. मी आले असते."

मी म्हटलं, "अगं, अमेरिकेला?"

"मग काय झालं? पोरगंच धरायचं होतं ना."

ती गेली पंधरा-सोळा वर्षं अंगणवाडीत आहे. पद काय, विचारलं. म्हणाली, मदतनीस. मी वाचलेल्या सगळ्या शोधनिबंधांत पिल्लं वागवणाऱ्या भावंडांसाठी जो शब्द आहे, त्याचं मराठी मी अनेक दिवस शोधत होते. तो शब्द सरकारी पगारपत्रकावर आधीच होता.

तिला आजच्या मेळाव्याला ये म्हटलं. ती म्हणाली, "मी कुठं दहावीला होते? माझी सातवीच झाली. तुमच्यात मी कशाला?"

आणि तिचं बरोबर होतं. मी आपली यादी तपासली. संयोजकांनी ती फार मेहनतीने केली आहे, पण दहावीच्या बोर्डाच्या निकालावरून केली आहे. त्या यादीत ती नाही. पाचवीला आपल्याबरोबर असलेले कितीतरी जण नाहीत. ऊसतोडीला गेलेले, लग्न झालेल्या, नापास होऊन मागे राहिलेले, आणि जे गेले ते. आपण जे टिकलो, त्यांचीच ही वही आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि त्याचं काम मी स्वतः करणार आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात १९८९ सालचे पाचवीचे सगळे दाखले आहेत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर मी ते उतरवून घेईन. प्रत्येकाचं नाव शोधू. सापडतील त्यांना पुढच्या मेळाव्याचं बोलावणं पाठवू, पहिल्यांदा, आपल्याआधी. आणि स्मरणिकेत त्यांची नावंही छापू, शाळा कितवीत सुटली त्यासकट. डेटाबेस करणं हा माझा धंदाच आहे. घरोघरी जाऊन विचारण्याचं काम मात्र गावात राहणाऱ्यांना करावं लागेल. भाषण संपल्यावर कोण कोण तयार आहे ते मला सांगा. मी वही आणली आहे.

माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका ओल्या बाळंतिणीकडे मी तिला रोज संध्याकाळी तासभर पाठवत होते. तिची बारावी जवळ आली होती. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अहो, अभ्यासाचं वय तिचं." मी म्हटलं, हो, हाही अभ्यासच आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलालाही तिच्याबरोबर पाठवा, असंही सुचवलं. तो दोनदा गेला. दुसऱ्यांदा बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं, आणि तो हात अवघडला तरी पाऊण तास हलला नाही, असं मुलीने येऊन सांगितलं.

बाई, सर, तुम्ही आम्हाला खूप शिकवलंत. तेव्हा तुम्हीही तिशी-पस्तिशीचे होतात, तुमच्या घरीही लहान मुलं होती, हे मला आज तुमच्याकडे बघताना सुचतंय. तुमची मुलं त्या वेळी कुणाच्या कडेवर होती ते आम्ही कधी विचारलं नाही. जेवताना विचारणार आहे.

आई, तू मला माफ कर, मी तुला तेव्हा कळवलं नाही. बाबांना बरं नव्हतं.

एवढं बोलून थांबते.